बाळंतविड्यात काय असावे?

जामखेडच्या अनुभवातून घरोघरी उपयोगी पडेल अशी यादी

घरात बाळ येणार ही खुशखबर कळली की याद्या सुरू होतात. नानीकडून बाळंतविडा येतो. त्यात झबली, टोपडी, दुपटी आणि मऊ गोधडी असते. फुफी चांदीचे वाळे आणते. शहरातून येणारा मामू दुकानातली रंगीत पेटी घेऊन येतो आणि तिच्यात पावडर, लोशन, दुधाची बाटली, चोखणी असे सगळे असते. पुढे वॉकर येतो, डब्यातले खाणे येते. छठी आणि अकीका होईपर्यंत घराचा एक कोपरा भरून जातो.

प्रेमाने आणलेल्या वस्तूला नाव ठेवू नये, हे खरे. पण ज्या घरात महिन्याचा हिशेब जेमतेम जुळतो तेथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. यातल्या कोणत्या वस्तूवाचून बाळाचे अडणार आहे? आणि ज्यांच्यावाचून खरोखर अडते त्या गोष्टी या कोपऱ्यात आहेत का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्याच महाराष्ट्रात, एका दुष्काळी तालुक्यात, पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी ते शोधले गेले आणि पुढे साऱ्या जगाने त्याची दखल घेतली.

जामखेडमध्ये काय घडले?

जामखेड हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाचा तालुका. बीड, धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमा त्याला लागून आहेत. अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे. पाऊस कमी, शिवार ज्वारीचे, आणि हंगाम आला की ऊसतोडीला बाहेर पडणारी अनेक कुटुंबे, असा हा मुलूख.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य येथे आले. दोघांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेतले होते, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला होता. मोठ्या शहरात दवाखाना थाटणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी जामखेड निवडले आणि येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

त्या काळच्या प्रकल्पाच्या नोंदी वाचून मन सुन्न होते. १९७१ च्या सुमारास या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. म्हणजे जवळजवळ दर सहावे बाळ. कारणे काय होती? जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात, गोवर आणि या सगळ्यांच्या मुळाशी कुपोषण. यातल्या बहुतेक मृत्यूंना मोठे ऑपरेशन किंवा महागडे औषध नको होते. ते घरातच टळण्यासारखे होते.

डॉक्टरांनी गावकऱ्यांना विचारले, तेव्हा लोकांनी आधी औषध मागितलेच नाही. अन्न आणि पाणी मागितले. १९७२ चा दुष्काळ तोंडावर होता. मग लहान मुलांसाठी गावातच सामुदायिक स्वयंपाकघरे चालली, पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदल्या गेल्या.

गावात आरोग्याचे काम कोण करणार, हा पुढचा प्रश्न होता. आधी शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या. परगावची नर्स गावात रुळेना आणि गावच्या बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलेनात. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्या पुष्कळ बायका निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत. तेथे सर्व जातीधर्माच्या बायका एकत्र बसत, एकत्र जेवत, एकत्र शिकत. गावी परतल्यावर शिकलेले शेजारणीला सांगत. गरोदर बाईकडे लक्ष ठेवणे, बाळाचे वजन करणे, जुलाब झालेल्या मुलाला पाणी पाजायला शिकवणे, अंगावरचे दूध कधी आणि कसे द्यायचे ते समजावणे, ही त्यांची कामे होती.

१९७६ पर्यंत या गावांतला अर्भकमृत्यूचा आकडा हजारी १७६ वरून ५२ वर आला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो तिसाच्याही खाली गेला. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रकल्पाच्या गावांची आसपासच्या इतर गावांशी तुलना केली होती. पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालील मुलांचा मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांत आरोळे २०११ मध्ये गेले. काम चालूच राहिले.

या आरोग्यसेविकांपैकी एक, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनमधील एका परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या होत्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की डॉक्टर या झुंबरासारखे आहेत, सुंदर पण महाग आणि हाताला न लागणारे. आम्ही गावच्या बायका पणतीसारख्या आहोत. पणती स्वस्त असते आणि एका पणतीने दुसरी लावता येते.

बाळासाठी लागणाऱ्या गोष्टींची यादी करताना हे लक्षात ठेवायला हवे. जामखेडच्या बाळांना वाचवले ते दुकानातल्या वस्तूंनी नव्हे. शेजारच्या बाईला असलेल्या माहितीने त्यांना वाचवले. आता ती माहिती एकेक करून पाहू. आजचे डॉक्टर आणि सरकारी आरोग्य विभागही हेच सांगतात.

पहिली गरज : आईचे दूध

जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला छातीशी घ्यावे. सुरुवातीला येणारे पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. काही घरांत तो 'जड' किंवा 'खराब' समजून पिळून टाकतात. खरे तर ती बाळाची पहिली लस आहे, त्यात रोगांशी लढणारी द्रव्ये भरपूर असतात. त्यातला थेंबही वाया घालवू नये.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे. वरचे पाणीसुद्धा नको, अगदी मे महिन्याच्या उन्हातही नको. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते. ग्राइप वॉटर, घुटी, साखरपाणी यांची गरज नाही. डॉक्टरांनी सांगितलेले औषध मात्र द्यावे.

येथे दोन गोष्टी आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगायला हव्यात. पहिली, मध. मधाबद्दल आपल्या मनात आदर आहे आणि तो योग्यच आहे. पण एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात मधातले काही जंतू वाढून घातक विष तयार करू शकतात. म्हणून वर्षाच्या आत मधाचे बोटही लावू नये. दुसरी, तहनीक. टाळूला खजूर लावणे ही सुन्नत आहे, आणि ती करणाऱ्यांनी थोडी काळजी घ्यावी. हात साबणाने धुतलेले असावेत, खजूर स्वच्छ व एकदम मऊ केलेली असावी, बाळाच्या टाळूला तिचा फक्त लवलेश लागावा. तुकडा तोंडात राहता कामा नये. खोकला, ताप किंवा तोंडात जखम असलेल्या माणसाने हे काम करू नये. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल किंवा अशक्त असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

कुरआनमध्ये, सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत, मातेने बाळाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ दूध चालू ठेवायला सांगते. त्याच आयतीत बाळाच्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे. हा भाग आपण सहसा विसरतो. दूध यायचे तर आईच्या ताटात भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडे आणि दूध असायला हवे. चिल्ल्याच्या चाळीस दिवसांत 'हे खाऊ नको, ते खाऊ नको' म्हणून तिला उपाशी ठेवणे म्हणजे बाळाचेच तोडणे. रमजानमध्ये दूध पाजणाऱ्या मातेला शरीयतने सवलत दिली आहे. आपल्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती वाटत असेल तर ती घेताना तिला कोणी टोमणे मारू नयेत.

दुधाची बाटली या यादीत बसत नाही. बाटली आणि बूच नीट उकळणे रोज जमत नाही, आणि त्यातूनच जुलाब होतात. म्हणूनच आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बाळदुधाचे डबे आणि बाटल्या यांच्या जाहिरातींवर बंदी आहे. आई आजारी असेल किंवा दूर असेल तर काढलेले दूध स्वच्छ वाटी-चमच्याने पाजता येते.

दुसरी गरज : ऊब आणि स्वच्छता

नवजात बाळ लवकर गार पडते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांनाच नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाला उबदार ठेवणे, वजन घेणे, धोक्याची लक्षणे ओळखणे, हे त्यातले मुख्य धडे. तेथे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते जगापुढे मांडले.

घरी करायचे ते सोपे आहे. जन्मल्यावर बाळाला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि वरून दुपटे घालावे. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, बाळ वजनाने कमी असेल तर आणखी थांबावे. टोपडे आणि मोजे घालावेत. नाळेवर हळद, राख, तेल, पावडर काहीही लावू नये, ती कोरडी राहू द्यावी. बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. छठीला बाळ पाहायला आलेल्या पाहुण्यांनीही. घरात कोणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने बाळाचा मुका घेऊ नये.

अकीक्याच्या वेळी जावळ काढताना नवे ब्लेड वापरावे, हेही विसरू नये. खतना करायची तर ती प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच करून घ्यावी.

सुरम्याविषयी थोडे स्पष्ट बोलू. बाजारात मिळणाऱ्या अनेक सुरम्यांत आणि काजळांत शिसे असते. शिसे बाळाच्या शरीरात गेले तर मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, आणि बाळ डोळे चोळून तेच हात तोंडात घालते. नजर लागू नये म्हणून दुआ करावी. बाळाच्या डोळ्यांत मात्र सुरमा घालू नये. डोळे त्याने मोठे होत नाहीत. कानात आणि नाकात तेल घालण्याची सवयही सोडावी. पावडर श्वासातून फुप्फुसात जाते, तिची गरज नाही.

तिसरी गरज : एक कार्ड

बाळंतविड्यात कोणी ठेवत नाही, पण सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. आशाताई किंवा नर्सताई ते फुकट देतात. त्यावर बाळाच्या वजनाचा तक्ता असतो आणि लसींच्या तारखा असतात. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून तक्त्यावर ठिपका द्यावा. ठिपक्यांची रेघ वर चढत असेल तर बाळ ठीक आहे. रेघ सपाट झाली तर काहीतरी बिघडते आहे, मग बाळ दिसायला गुटगुटीत असले तरी. साधारणपणे पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट आणि वर्षात तिप्पट वजन होते. सहा महिन्यांनंतर दंडाचा घेरही मोजतात. तो ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

आता लसी. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पुढचे डोस. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला आणि सोळा ते चोवीस महिन्यांत तिचा दुसरा डोस. या सगळ्या सरकारी दवाखान्यात मोफत असतात.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरात, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. मुले दगावली. त्यांतल्या अनेकांना लस मिळालेली नव्हती. या वस्त्यांमध्ये आपले लोक मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे हे दुःख आपल्या घरचे आहे. लसीबद्दल अफवा ऐकून मूल घरात लपवण्याने त्याचे रक्षण होत नाही. एकेकाळी पोलिओच्या थेंबांबद्दलही अशाच अफवा होत्या. आलिम, शिक्षक आणि डॉक्टर पुढे आले, मशिदींमधून आवाहने झाली आणि २०११ च्या जानेवारीनंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लशीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, त्याला घाबरू नये.

ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा कामासाठी दुसऱ्या गावी जाताना कार्ड सोबत घ्यावे. लस कोणत्याही गावच्या सरकारी दवाखान्यात मिळते.

चौथी गरज : सहा महिन्यांनंतर घरचे ताट

सहा महिने पूर्ण झाले की अंगावरचे दूध पुरत नाही. येथेच बरीच बाळे मागे पडतात, कारण आपण त्यांना डाळीचे पाणी, भाताची पेज किंवा यखनी पाजत राहतो. पोट पाण्याने भरते, पोषण होत नाही. अन्न एवढे घट्ट असावे की चमचा कलता केला तरी चटकन ओघळू नये. मऊ शिजवलेली खिचडी, तिच्यात चमचाभर तेल किंवा तूप. कुस्करलेले केळे, बटाटा, भोपळा. नाचणीचे सत्त्व. दुधात मऊ भिजवलेली ज्वारीची भाकरी. उकडलेले अंडे कुस्करून. ज्या घरात गोश्त शिजते तेथे बारीक खिमा किंवा कलेजी नीट शिजवून, वाटून द्यावी. त्यातले लोह बाळाला चांगले लागू पडते.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा आणि नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा जेवण हवे. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी आणि हळूहळू अर्ध्या वाटीवर यावे. वर्षाच्या मुलाने पाऊण ते एक वाटी खावी. त्याचे ताट वेगळे वाढावे. मोठ्यांच्या ताटातून दोन घास दिले की किती खाल्ले ते कळत नाही.

चहात बुडवलेले बिस्कीट हे बाळाचे अन्न नव्हे. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही आणि गोडाने भूक मरते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून घरी नेण्यासाठी आहार मिळतो. तो घेण्यात कमीपणा नाही, तो मुलाचा हक्क आहे.

पाचवी गरज : मीठ-साखर-पाणी

जुलाब सुरू झाले की 'पोटाला आराम द्या' म्हणून पाणी आणि दूध बंद करणे ही जुनी समजूत. या समजुतीने किती बाळे गेली असतील! जुलाबाने मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार संपल्याने. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती आणि सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचे पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले आणि पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

म्हणून ओआरएसच्या दोन पुड्या घरात नेहमी असाव्यात. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी मिसळावी. फळांच्या चवीची गोड पेये त्याजागी चालत नाहीत. पुडी नसेल तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये, विशेषतः मिठाचे. दोन वर्षांखालील मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवावे. आशाताईंकडे झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या जुलाब थांबले तरी सांगितल्याप्रमाणे चौदा दिवस द्याव्यात.

कधी थांबू नये

बाळ दूध ओढत नसेल, झटके येत असतील, अंग गार किंवा तापलेले असेल, सुस्त पडले असेल, तळहात-तळपाय पिवळे झाले असतील, तर फुंकर घालणाऱ्याकडे किंवा तावीज आणायला जाण्यात वेळ दवडू नये. दुआ वाटेतही करता येते. श्वास मोजायला प्रत्येक आईने शिकावे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वरखाली होते ते मोजावे. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर तातडीने १०८ ला फोन करावा. आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात वर्षापर्यंत उपचार मोफत आहेत.

मूल रांगू लागले की

आता गरज वस्तू आणण्याची नसते, उचलून ठेवण्याची असते. जामखेडसारख्या भागात पाणी साठवून ठेवावे लागते. हौद, पिंप आणि बादली यांवर झाकण हवेच, कारण बादलीतल्या वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. चहाचा कप, कुकर आणि चूल त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर असावी. रॉकेल आणि फिनेल शीतपेयाच्या बाटलीत भरू नये. नाणी, बटणे, बटणासारखे सेल, शेंगदाणे, फुटाणे तोंडात जातील असे ठेवू नयेत. बाळाला पाठीवर झोपवावे, तोंडाजवळ उशी किंवा जाड गोधडी नसावी.

वॉकरने मूल लवकर चालते हा गैरसमज आहे. उलट वॉकरमधून मुले पायऱ्यांवरून पडतात, चुलीपर्यंत पोचतात. कॅनडाने २००४ सालीच वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. जमिनीवर अंथरलेली सतरंजी आणि हात धरायला दादा-दादी, यापेक्षा चांगली सोय नाही. खेळायलाही वाटी-चमचा, कापडी चेंडू आणि बोलणारे माणूस पुरते. मोबाइल हे खेळणे नाही.

मग बाळंतविड्यात काय ठेवावे?

फिनलंड देशात १९३८ पासून गरजू मातांना आणि १९४९ पासून सर्वच मातांना सरकारकडून बाळाच्या वस्तूंचा खोका मिळतो. कपडे, अंथरूण आणि गादी घालून त्या खोक्यातच बाळाला झोपवता येते. अट एकच, आईने गरोदरपणात वेळेवर तपासणीला गेले पाहिजे. वस्तू निमित्तमात्र आहेत, खरा उद्देश आईला दवाखान्यापर्यंत आणण्याचा आहे. आपल्या राज्य शासनानेही काही वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात पहिले बाळंतपण होणाऱ्या मातांसाठी अंगणवाडीमार्फत बाळसंच देण्याची योजना सुरू केली.

घरचा बाळंतविडाही असाच विचारपूर्वक भरता येईल :

— मऊ सुती झबली, टोपडी, मोजे, आणि जुन्या धुतलेल्या साडीचे लंगोट व दुपटी
— एक मच्छरदाणी आणि एक उबदार पांघरूण
— साबणाची वडी, नेलकटर आणि ताप मोजायचे थर्मामीटर
— ओआरएसच्या पुड्या
— झाकणाची स्टीलची वाटी आणि लहान चमचा, सहा महिन्यांनंतरसाठी
— आईसाठी तूप, खजूर, शेंगदाणे, डाळी, गूळ, नाचणीचे पीठ
— कार्ड आणि जन्मदाखला ठेवायला एक प्लास्टिकची पिशवी

बाटली, चोखणी, ग्राइप वॉटर, मध, सुरमा, पावडर आणि वॉकर या यादीतून खुशाल वगळावेत. त्यांचे वाचलेले पैसे आईच्या ताटात जावेत. अकीक्याच्या वेळी जावळाच्या वजनाइतक्या चांदीचा सदका आपण काढतोच. मोहल्ल्यात एखादी बाई एकटी बाळंत झाली असेल, नवरा ऊसतोडीला किंवा ट्रकवर असेल, तर त्या सदक्यात तिच्या घरी डाळ आणि अंडी पोचवणे यापेक्षा चांगली जागा कोणती?

या यादीत एक गोष्ट अशी आहे जी विकत मिळत नाही, ती म्हणजे पित्याचा वेळ. लसीच्या दिवशी सुट्टी घेणारा, रात्री रडणारे बाळ घेऊन फेऱ्या मारणारा, दवाखान्यात 'आधी सासूबाईंना विचारतो' असे न म्हणणारा पिता घरात असेल, तर निम्मी काळजी मिटते.

आशाताई म्हणजे जामखेडसारख्या प्रयोगांचीच पुढची पायरी. २००५ पासून गावोगाव त्या काम करत आहेत. बाळंतपणानंतर पहिल्या सहा आठवड्यांत त्या अनेकदा घरी येतात. दारावर थाप पडली तर त्यांना चहा देऊन बाळ दाखवावे, मनातले सगळे प्रश्न विचारावेत. आणि आपल्याला जे कळले ते शेजारच्या भाभीला सांगावे.

मूल ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. अमानत सांभाळायला श्रीमंती लागत नाही, जाण लागते. अल्लाह आपल्या प्रत्येक घरातल्या पाळण्याला सलामत ठेवो. आमीन.